कोर्टावरचा शड्डू

टेनिसच्या कोर्टावर शड्डू ठोकणारा माणूस मी आयुष्यात एकच बघितला. खेळ सुरू करायच्या आधी सगळेच खेळाडू काही ना काही चाळे करतात. कुणी चेंडू आपटत बसतो, कुणी टोपी सारखी करतो, कुणी उगाच घाम पुसतो. आमचा अमर रॅकेट डाव्या हातात घ्यायचा, गुडघा जरा वाकवायचा आणि उजव्या हाताचा पंजा मांडीवर असा हाणायचा, की क्लबच्या कँटीनमध्ये चहा पीत बसलेला माणूस दचकावा. पोरवयात दिल्लीच्या एका स्पर्धेत समोरचा मुलगा त्या आवाजानं दोन पावलं मागं सरकला आणि त्याच्या आईनं पंचांकडं तक्रार केली. पंचांनी अमरला बोलावून हा काय प्रकार म्हणून विचारलं. अमरचं हिंदी कोल्हापुरी. तो म्हणाला, "सर, हमारे में ये नमस्कार होता है." पंचांचं समाधान झालं, समोरच्या मुलाचं झालं नसावं. अमर तो सामना सरळ दोन सेटमध्ये जिंकून आला.

शड्डू त्याला वारशानं मिळाला होता. त्याचे वडील दादू पैलवान आमच्या क्लबवर ग्राउंडमन होते. मी पेशानं वकील. सकाळी एका कोर्टात हरायचं आणि अकरानंतर दुसऱ्यात, असा माझा वर्षानुवर्षांचा क्रम आहे. दादू मुरगूडकडचा. तरणाताठा असताना कोल्हापूरच्या तालमीत आला, जत्रांची मैदानं मारली, मग गुडघा गेला आणि कुस्ती संपली. ती कशी संपली हे तो रंगवून सांगायचा. पैलवानानं कुस्ती आपल्या मनानं सोडायची नसते. वस्ताद एक दिवस म्हणतो, "बास आता, लंगोट खुंटीला लाव." मग तालमीतल्या मारुतीपुढं नारळ फुटतो, लंगोट खुंटीला लागतो आणि माणूस मोकळा होतो. तोवर गुडघा असो-नसो, मातीत उतरायचं. दादूला वस्तादांनी मोकळं केलं तेव्हा तो आधी पोटभर रडला, आणि मग गुडघा गेल्यापासून पहिल्यांदा त्याला गाढ झोप लागली, असं तो म्हणायचा.

क्लबवर तो कामाला लागला त्या आठवड्यातली गोष्ट आमच्याकडं अजून सांगतात. आमचं कोर्ट तांबड्या मातीचं. सेक्रेटरी दादूला म्हणाले, माती जरा चांगली कर, भेगा पडल्यात. तालमीतल्या माणसाला मातीचं काय शिकवायचं! दादूनं हळद, तेल, लिंबं आणि घागरभर ताक आणलं, कोर्ट खोऱ्यानं उकरलं आणि कुस्तीचा हौद करतात तसं ते सगळं मातीत कालवून दिलं. सकाळी आम्ही पोचलो तर फाटकापर्यंत लोणच्याचा वास. चेंडू टाकला तर तो उसळेना, पडला तिथंच बसला. आमच्यातले एक डॉक्टर घसरले ते पिवळे होऊन उठले. सेक्रेटरींचा आवाज चढला, पण दादूला आपलं काय चुकलं हेच कळेना. तो म्हणाला, "एवढी मऊ केली की, पडलासा तर लागू नये म्हनून. ह्या खेळात पडत न्हाईत व्हय?" यावर सगळे इतके हसले की त्याची नोकरी वाचली. कोर्ट मात्र पुढं महिनाभर बंद राहिलं.

अमर तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेल. आम्ही बाहेर मारलेले चेंडू आणून देणं हे त्याचं काम, आणि आमचा खेळ बघता त्याला उसंत मिळत नसे. कधीतरी त्यानं कुणाची तरी टाकून दिलेली रॅकेट उचलली आणि क्लबच्या मागच्या भिंतीवर खेळायला लागला. दोनेक वर्षांत तो आम्हा सगळ्यांना हरवू लागला. यात त्याचं फारसं कौतुक नाही, पण पुण्याहून आलेल्या एका कोचनं त्याला बघितलं आणि दादूला बाजूला घेऊन सांगितलं, की या पोराच्या हातात काहीतरी आहे. दादूनं विचार केला. पोरगं काटक, अंगाला मांस धरत नव्हतं, कुस्तीच्या कामाचं नव्हतं. मग माझ्याकडं येऊन म्हणाला, "शेवटी दोघंच असत्यात की समोरासमोर. जोडच ती. लावतो ह्यालाच."

आणि त्यानं लावलं. दादू स्वतः पोराचा वस्ताद झाला. त्याला टेनिस यायचं नाही, पण मेहनत यायची. पहाटेच्या पहिल्या गाडीनं पोराला पन्हाळ्याच्या पायथ्याला न्यायचं आणि घाटानं पळवत वर चढवायचं. जोर, बैठका, दूध, वाटलेले बदाम. बाकीचं त्या पुण्याच्या कोचनं शिबिरांत शिकवलं, पण घडवलं दादूनं. त्याच्या शिकवणीत दोनच गोष्टी होत्या. पाठ टेकल्याशिवाय कुस्ती सोडायची नाही, ही एक. आणि हरलं तर मातीवर राग धरायचा नाही, चिमूटभर कपाळाला लावायची आणि मगच बाहेर यायचं, ही दुसरी. अमरनं दोन्ही पाळल्या. पुढं परदेशात सिमेंटच्या निळ्या कोर्टांवर खेळायची वेळ आली तेव्हा तो एका डबीत आमच्या क्लबची माती घेऊन जायला लागला. एका विमानतळावर ती डबी उघडून तिथल्या अधिकाऱ्यानं वास घेतला आणि हे काय म्हणून विचारलं. अमर म्हणाला, औषध. गावाकडं आला की पहिल्यांदा तो ती डबी भरून घ्यायचा. ती नेहमी रिकामीच आलेली असायची.

ती रिकामी का असायची हे सांगायला हवं, नाहीतर अमरवर अन्याय होईल. टेनिस हा खेळच असा आहे की दर आठवड्याला एकजण सोडून बाकी सगळे हरून घरी जातात. पेपरात ज्यांची नावं येतात ते मूठभर. त्यांच्याखाली जगभर हजारो पोरं छोट्या छोट्या स्पर्धा खेळत हिंडत असतात, आणि अमर त्यातला. त्यानं पंधरा वर्षं हाच धंदा केला. स्वतःच्या रॅकेटचं जाळं स्वतः ओवायचं, हॉटेलच्या न्हाणीत कपडे धुऊन खिडकीत वाळत घालायचे, एका खोलीत तिघांनी झोपायचं. बरं, जिंकून मिळवलेले गुण वर्षभरच टिकतात, मग दुधासारखे नासतात. वर्ष उलटलं की पुन्हा तेवढेच मिळवायचे, तेव्हा कुठं माणूस होता तिथं राहतो. मी एकदा त्याला म्हटलं, ही तर चाकावर पळणाऱ्या उंदराची गत झाली. तो हसून म्हणाला, उंदराला निदान खायला तरी घालतात, काका. तो बोलायला असाच होता, हळू आणि हसून. त्याच्याइतकी मेहनत करणारा माणूस मी पाहिला नाही, आणि त्या मेहनतीला इतकं कमी फळ आलेलंही पाहिलं नाही.

त्याचं मागणं मोठं नव्हतं. विम्बल्डन जिंकायचं वगैरे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. त्याला फक्त एकदा मोठ्या ग्रँड स्लॅम स्पर्धेच्या पात्रता फेरीत खेळायचं होतं. मुख्य स्पर्धेच्या आधी जे शे-सव्वाशे लोक आपसांत झुंजतात त्यात एकदा नाव यावं, त्या मैदानाच्या फाटकातून खेळाडू म्हणून आत जावं, एवढंच. आणि एका वर्षी ते त्याच्या अगदी हाताशी आलं.

एप्रिल महिना होता. अमर ताश्कंदला खेळत होता. तिथला उपांत्यपूर्व सामना जिंकला असता तर त्याचा नंबर पुरेसा वर गेला असता. हरला असता तरी पुढच्या दोन आठवड्यांत आणखी दोन स्पर्धा होत्या, म्हणजे संधी संपत नव्हती. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या दुपारी मी तारीख पडल्यामुळं मोकळा होतो. क्लबच्या कँटीनमध्ये मोबाईलवर सामन्याचे आकडे येत होते, चित्र नाही, नुसते आकडे. मी ते मोठ्यानं वाचून दाखवत होतो आणि दादू समोर बसून ऐकत होता. पहिला सेट अमरनं जिंकला. दुसऱ्यात तो पुढं होता, आणि आकडे थांबले.

बराच वेळ काही हलेना. मग स्क्रीनवर आलं की खेळाडूला वैद्यकीय मदत. मी दादूला सांगितलं. त्यानं विचारलं, कुनाला? मी म्हटलं, अमरला. खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा आकडे बघून मला सगळं कळलं. अमरची सर्व्हिस असली की एकही गुण मिळत नव्हता. शून्य-पंधरा, शून्य-तीस, शून्य-चाळीस. हात वर जात नाहीये, हे माझ्यासारख्या अडाण्यालाही कळत होतं. मी म्हटलं, दादू, पोरानं आता सोडावं, अजून दोन आठवडे हातात आहेत. दादूनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जणू मी काही तरी अभद्र बोललोय.

"माझं पोरगं हाय ते. पाठ टेकल्याबिगर सुटायचं न्हाय."

सुटलं नाही. दुसरा सेट गेला. तिसरा सेट गेला. अमर तासभर खालून हातानं सर्व्हिस करत खेळला, हे नंतर समजलं. तिथल्या डॉक्टरनं त्याला स्पष्ट सांगितलं होतं की थांब, आता थांबलास तर आठवड्याभरात खांदा भरून येईल. त्यानं ऐकलं नाही. शेवटचा आकडा पडला तेव्हा दादू उठला आणि कँटीनमधल्या सगळ्यांना त्यानं चहा सांगितला. हरला, पण पळून आला न्हाय, असं तो प्रत्येकाला सांगत होता. त्याचा ऊर भरून आला होता. मी तो चहा प्यायलो, पण मला दादूचा त्या दिवशी जितका राग आला तितका कुणाचाच आला नाही.

खांद्याचा स्नायू पुरता फाटला होता. ऑपरेशन पुण्याला झालं. अमर आणि दादूबरोबर मीही गेलो होतो. सर्जननं भिंतीवरच्या दिव्यावर फिल्म लावून कुठं काय फाटलंय ते दाखवलं. पुढं काय, असं अमरनं विचारलं तेव्हा सर्जन म्हणाले, खेळाल, पण पूर्वीसारखं नाही. मग दादूनं तोंड उघडलं.

"म्हंजे त्या दिवशी सोडलं असतं, तर खांदा ऱ्हायला असता व्हय?"

सर्जनना बिचाऱ्यांना काय माहीत. ते म्हणाले, हो, नक्कीच राहिला असता. परत येताना कराडला गाडी थांबवली, तर दादू खाली उतरला नाही. पुढच्या काही महिन्यांत त्यानं अमरला खेळ म्हटलं नाही आणि सोड असंही म्हटलं नाही. सकाळी कोर्टावर पाणी मारायचा, रोलर फिरवायचा आणि अमर सरावाला आला की नळ बंद करायच्या निमित्तानं मागं निघून जायचा. मी दोन-तीनदा विषय काढला. तो म्हणायचा, बघू की साहेब. बघू म्हणता म्हणता पावसाळ्यात एका सकाळी तो रोलरशेजारीच पडला. अर्धांगवायू. उजवं अंग तेवढं वाचलं, डावं गेलं, आणि वाचा गेली ती गेलीच, मान हलवून होय-नाही सांगणंही गेलं.

अमर खेळतच होता. नंबर कोसळला होता, म्हणून जिथून सुरुवात केली होती त्याच लहान स्पर्धा पुन्हा, तीही पात्रता फेरीपासून. ज्या पोरांना त्यानं रॅकेट धरायला शिकवलं होतं ती त्याला पहिल्या फेरीत हरवत होती. तिशी उलटली होती. अशात शिरोळकडच्या एका निवासी शाळेनं त्याला विचारलं. चांगली शाळा, नवी कोरी टेनिस कोर्टं, राहायला घर, मुलांना शिकवायचं काम. आठवड्यात होय की नाही ते कळवा म्हणाले. मला इतका आनंद झाला की मी पेढे आणायला निघालो होतो. अमर म्हणाला, थांबा काका, आबांना विचारतो.

मी म्हटलं, अरे, ते काय सांगणार आता?

तो म्हणाला, "वस्तादानं सांगितल्याबिगर लंगोट खुंटीला कसा लावायचा? आबांनी न्हाय का थांबून ऱ्हायलेलं, त्यांच्या वस्तादासाठी?"

मी त्याच्याबरोबर गेलो. दोन खोल्यांचं घर, दारात तुळस, कॉटवर दादू. एवढा थोरला माणूस, गादीत कुठं दिसेनासा झाला होता. अमरची आई त्याला पेज भरवत होती. मला बघून म्हणाली, "आलासा व्हय वकीलसाहेब, बसा की." अमर कॉटजवळ खाली मांडी घालून बसला. शाळेचं सगळं त्यानं सावकाश सांगितलं. घर मिळतंय, आईला नि तुम्हाला तिकडं नेतो, नदीकाठ आहे, पोरं शिकतील. दादू त्याच्याकडं एकटक बघत होता. मग अमरनं विचारलं, "आबा, सोडू का आता?"

दादूच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तोंड हललं, घशातून कसला तरी आवाज आला, शब्द काही झाला नाही. मी देवाची शपथ घेऊन सांगतो, त्या म्हाताऱ्याला 'बास' म्हणायचं होतं. मला आजही तसंच वाटतं. पण त्याचा उजवा हात वर गेला आणि धाडकन मांडीवर पडला. शड्डू. सगळ्या अंगात तेवढीच एक गोष्ट शाबूत राहिली होती, आणि आवाज पूर्वीइतकाच खणखणीत.

अमर बघतच राहिला. त्याची आई पेजेची वाटी खाली ठेवत म्हणाली, "त्याचं काय मनावर घेऊ नगं बाळा. दूधवाला आला तरी मारत्यात ते. डास चावला तरी मारत्यात."

मी म्हटलं, ऐकलंस का? अमर म्हणाला, ऐकलं. मग त्यानं वाकून दादूच्या पायांवर डोकं ठेवलं, बाहेर तुळशीपाशी गेला आणि शाळेला फोन करून नाही म्हणून सांगितलं. मी त्याच्यावर ओरडलो. वकिली पणाला लावून भांडलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मला घरापर्यंत गाडीवर सोडलं. वाटेत रंकाळ्यावर थांबून भेळ खाऊ घातली. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

दादू पुढं दीडेक वर्ष होता. जो येईल त्याच्यासाठी शड्डू ठोकत होता. मी आठवड्यातून एकदा जायचो, माझ्यासाठीही ठोकायचा. अमर जिथं कुठं असेल तिथून हरून परत यायचा आणि त्याच्या पायाशी बसायचा. दादूनं शेवटपर्यंत तो शब्द काही उच्चारला नाही. तो गेला तेव्हा अमर जोरहाटला पात्रता फेरी खेळत होता. माती द्यायच्या वेळेला पोचला. सगळं झाल्यावर मला आशा वाटली होती, खोटं कशाला बोलू. वाटलं, वस्तादच गेला, आता कोण अडवणार. मी तेराव्यानंतर त्याला तसं म्हणूनही बघितलं. तो म्हणाला, "आता तर सांगायलाबी कोन न्हाय, काका." आणि चौदाव्या दिवशी बॅग घेऊन स्टँडवर गेला. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आता हे कधीच संपणार नाही.

त्याला मी मागच्या डिसेंबरात बघितलं ते शेवटचं. शेवटचं म्हणजे खेळताना. आमच्याच क्लबवर एक लहान स्पर्धा होती आणि त्याला पात्रता फेरी खेळायची होती. पस्तिशीचा अमर, केस विरळ झालेले, खांद्याला निळ्या पट्ट्या चिकटवलेल्या. समोर सतरा वर्षांचा मुलगा, बरोबर कोच, फिजिओ, आई-बाप. बघायला आम्ही म्हातारे चार-पाच. नव्या ग्राउंडमननं कोर्ट चांगलं केलं होतं, पण दादूसारखं नाही.

सामना सुरू व्हायच्या आधी अमरनं रॅकेट डाव्या हातात घेतली आणि गुडघा वाकवला. समोरच्या मुलाला कुणी तरी सांगून ठेवलं असावं, तो हातातला चेंडू थांबवून मजेनं बघत होता. अमरनं हात उचलला. खांद्यापर्यंत गेला आणि तिथंच अडला. मग तो हात आपला आपणच खाली येऊन मांडीवर पडला. आवाज आला नाही. समोरच्या मुलाला कळलंच नाही की शड्डू मारून झाला, तो अजून वाट बघत उभा होता. शेवटी पंचांनी खेळा म्हणून सांगितलं.

तास व्हायच्या आत सामना संपला. अमरनं हस्तांदोलन केलं, मुलाच्या पाठीवर थोपटलं, मग बेसलाइनवर येऊन खाली वाकला आणि चिमूटभर माती कपाळाला लावली. आज डबीची गरज नव्हती. तो माझ्याजवळून चालला होता तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. मी त्याच्या कपाळावरच्या मातीकडं बघत म्हटलं, "अमर, मी सांगतो तुला. मोठा माणूस म्हणून सांगतो. बास आता."

तो थांबला. माझ्या खांद्यावर हात ठेवून नेहमीसारखा हसला.

"तुमी वस्ताद न्हवं, काका," म्हणाला, आणि बॅग घेऊन बससाठी निघाला. दुसऱ्या दिवशी त्याला बेळगावला खेळायचं होतं.